आषाढातील आढावा: कादंबरी दिवाळीआधी काढावी, डिसेंबरात की थेट पाडव्याला?

भीमाकाठ

दर ऋतूच्या सुरुवातीला आपण काय लिहीत आहोत आणि त्यातले छापून केव्हा येईल, हे वाचकांना सांगण्याचा पायंडा मी तीन वर्षांपूर्वी पाडला. माझा पहिला कथासंग्रह मी स्वतःच्या खर्चाने छापला होता. त्याच्या ३०० प्रती दिवाणाखाली रचून ठेवल्या होत्या, एकेक पाकीट हाताने चिकटवून टपालात टाकले होते, आणि ‘पुढचे पुस्तक कधी?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाला निराळे उत्तर देऊन शेवटी मीच गोंधळून गेले होते. यंदाचा पावसाळी आढावा लिहायला बसले तेव्हा ध्यानात आले की सांगण्यासारखे पुष्कळ असले तरी नक्की असे काहीच ठरलेले नाही. म्हणून या वेळचा आढावा प्रश्न म्हणून मांडते आहे.

उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावावरील माझ्या कादंबरीचा तिसरा खर्डा जूनमध्ये पूर्ण झाला. तो खरे तर त्याआधीच व्हायचा. परंतु जलाशयाचे पाणी उतरलेले असताना पळसदेवच्या जुन्या मंदिराकडे एकदा जाऊन आले आणि दोन प्रकरणे नव्याने लिहावी लागली. मी गाळ काळाभोर आणि ओला लिहिला होता. प्रत्यक्षात तो राखाडी, वाळून तडकलेला होता आणि त्याच्या भेगांतले शिंपल्यांचे तुकडे चपलेखाली करकरत होते. माझा म्हातारा ज्या वाटेने अनवाणी आपल्या बुडालेल्या घराकडे जातो, त्या वाटेने अनवाणी जाणे शक्यच नव्हते, आणि हे एक कळल्यावर तो सगळा प्रसंगच बदलला. आता बावीस प्रकरणांचे हे हस्तलिखित दोन विश्वासू वाचकांकडे असून मी माझ्यापुरती पानांची कच्ची मांडणी करून पाहिली, ती २२७ पाने भरली.

दुसरे काम म्हणजे एका दिवाळी अंकासाठी मागितलेली दीर्घकथा. संपादकांनी १० ऑगस्टची मुदत दिली आहे. कथा जवळजवळ तयार आहे, मात्र ती कादंबरीच्या अकराव्या प्रकरणातूनच वाढलेली आहे. तिसरे काम कथासंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीचे. माझ्याकडे आता जेमतेम अठरा प्रती उरल्या आहेत आणि मागणी थोडी असली तरी थांबलेली नाही.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे गेले आहेत. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, यंदा ते ८ नोव्हेंबरला आहे. हे जास्तीचे अठरा दिवस हाती आले म्हणजे कादंबरी दिवाळीआधी सहज होईल, असा माझा पहिला हिशेब होता. अडचण अशी की मी एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरी करते. ऊसतोडणीच्या टोळ्या दाखल झाल्या आणि चिटबॉयचे, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्यांचे, फोन सुरू झाले की गळीत हंगाम संपेपर्यंत माझा दिवस माझा राहत नाही. म्हणजे दिवाळी उशिरा आली तरी ती नेमकी हंगामाच्या तोंडावर आली आहे. दिवाळी टाळावी तर डिसेंबर पूर्ण हंगामात जातो, आणि मोकळा वेळ हवा असेल तर गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे ७ एप्रिल २०२७ पर्यंत, थांबावे लागते.

माझ्याकडे एका वेळी एकाच पुस्तकाच्या छपाईपुरते पैसे असतात. अशा वेळी कोणते काम आधी करावे, आणि कादंबरीसाठी कोणता मुहूर्त खरोखर उपयोगाचा आहे? कथा दिवाळी अंकात आली तर पुढे कादंबरीच्या हक्कांना बाधा येते का, आणि ई-पुस्तक छापील पुस्तकाबरोबरच काढावे की नंतर, हेही जाणकारांनी सांगितल्यास बरे होईल. वाचकांना सांगायचा आढावा या उत्तरांवरूनच लिहीन म्हणते.

खिळा ते युनिकोड

मी चौतीस वर्षे अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करतो आहे. सुरुवात छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यापासून केली, म्हणून हे नाव. आपण पंचांग पाहून दिवस मोजले आहेत, पण छापखान्याचे पंचांग वेगळे असते. दिवाळी अठरा दिवस पुढे गेली की दिवाळी अंकही अठरा दिवस पुढे जातात, त्यामुळे छापखान्यात मोकळे दिवस वाढत नाहीत, गर्दीची तारीख तेवढी सरकते. यंदा गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. अनंत चतुर्दशी झाली की अंकांची पाने यायला लागतील, पितृपक्षात ग्राहक प्रकाशन समारंभ टाळतात पण यंत्रे मात्र अंकांसाठी चालूच राहतात, आणि घटस्थापनेपासून पुढे तर जाहिरातींची शेवटची पाने रात्री अकरा वाजता येतात. या दिवसांत ३०० प्रतींच्या कादंबरीला यंत्रावर जागा मिळते ती दोन अंकांच्या मध्ये, आणि घाईघाईत बांधलेल्या पुस्तकाचा डिंक पुरता सुकण्याआधीच गठ्ठे बांधले जातात. त्याचा परिणाम वाचकाच्या हातात पुस्तक तिसऱ्यांदा उघडल्यावर दिसतो.

उलट श्रावणात छापखाना बऱ्यापैकी मोकळा असतो. आपल्या कथासंग्रहाची फाइल तयार आहे, मुखपृष्ठ तयार आहे, चुकांची दुरुस्ती तेवढी करायची आहे. म्हणून माझे मत असे की दुसरी आवृत्ती आत्ताच, गणपतीपूर्वी, उरकून घ्यावी. ती विकली गेली की त्यातूनच कादंबरीच्या कागदाचे पैसे उभे राहतील.

आता आपल्या २२७ पानांविषयी. डेमी आकारात, १८ × २३ इंचांच्या कागदावर, सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एका कागदावर छापून घडी घातलेला जुडगा, होतो. चौदा फर्म्यांची २२४ पाने होतात, म्हणजे आपली तीन पाने पंधराव्या फर्म्यात गेली आहेत आणि त्यांच्यासाठी तेरा पाने कोरी राहतील किंवा अर्ध्या फर्म्याचा उद्योग करावा लागेल. ही तीन पाने अक्षरांचा आकार कमी करून वाचवू नयेत, कारण मग वाचकाचे डोळे दुखतात आणि तो कारण न कळताच पुस्तक बाजूला ठेवतो. परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत जिथे एकच शब्द पडला असेल, तिथे त्या परिच्छेदातून एखादा ‘सुद्धा’ किंवा ‘मात्र’ काढावा. ओळ वर जाते. प्रकरणाचे शेवटचे पान तीन-चार ओळींपुरतेच भरले असेल तर तिथून सुरुवात करावी. बावीस प्रकरणांत अशी तीन पाने हमखास निघतात, आणि बहुतेक वेळा मजकूरही सुधारतो.

आणखी एक. हस्तलिखित युनिकोडमध्ये असेल आणि मांडणी करणारा जुन्या पद्धतीच्या श्रीलिपी टंकात काम करणार असेल, तर रूपांतर झाल्यावर पूर्ण पुस्तक पुन्हा वाचावे लागते. सर्वांत जास्त घोळ ‘ऱ्य’ चा होतो: ‘दुसऱ्या’ चे ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’ चे ‘वार्यावर’. आपल्या कादंबरीत पाणी आहे म्हणून मुद्दाम सांगतो, ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ झालेला मी एका छापून आलेल्या पुस्तकात पाहिला आहे, आणि तिथे नायक घाटमाथ्यावर उभा राहून समुद्र न्याहाळतो असा अर्थ निघत होता. शुद्धलेखन तपासणारी कोणतीही सोय हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. शक्य असेल तर मांडणी युनिकोडमध्येच करून घ्यावी. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की जोडाक्षरे नीट बसतात, आणि पुढे ई-पुस्तकासाठी तोच मजकूर जसाच्या तसा वापरता येतो.

दुसरी आवृत्ती

दुसरी आवृत्ती श्रावणात काढावी या सल्ल्याशी मी सहमत आहे (नावामुळे माझा कल तिकडे आहे असे कोणी म्हणू नये). कादंबरी पाडव्यापर्यंत लांबवण्याला मात्र माझा विरोध आहे. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाला दुकानाच्या फळीवर जागा मिळत नाही; त्याचे पुस्तक जिथे माणसे पुस्तके घ्यायच्या मनाने आलेली असतात तिथेच खपते. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात २०२३ पासून डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सव भरतो, पाठोपाठ साहित्य संमेलनाचे वारे वाहू लागतात. या दिवसांत नवे पुस्तक हातात नसले की वर्षभर लोकांना जुनेच दाखवत राहावे लागते. दिल्लीला फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे संमेलन झाले तेव्हा मी साठ प्रती रेल्वेने वाहून नेल्या होत्या. एकवीस परत आणल्या, परंतु ज्या एकोणचाळीस गेल्या त्यांपैकी बऱ्याच महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी घेतल्या, आणि त्यांच्यापर्यंत मी एरवी कधीच पोहोचलो नसतो.

आगाऊ नोंदणीचा विचार करावा. दसऱ्याला नोंदणी सुरू करून डिसेंबरात प्रती दिल्या तर छपाईचा निम्मा भार वाचक उचलतात. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे: पुस्तक छापखान्यात गेल्याशिवाय पैसे घेऊ नयेत. हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी सव्वाशे लोकांचे पैसे जूनमध्ये घेतले, ऑगस्ट म्हणून सांगितले आणि प्रती दिल्या त्या पुढच्या जानेवारीत. चूक माझीच होती. शेवटचे प्रकरण मनात पक्के होते, म्हणून ते लिहून झाले असे मी धरून चाललो होतो. कोणी भांडले नाही, पण तिसऱ्या पुस्तकाची नोंदणी सुरू केली तेव्हा त्या सव्वाशेंपैकी पस्तीस-चाळीस जणच परतले.

हक्कांविषयी: प्रताधिकार कायदा १९५७ नुसार लेखी हस्तांतरण केल्याखेरीज लेखनाचे हक्क लेखकाकडेच राहतात. हस्तांतरणाचे लेखी कागद झाले आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते धरले जाते. दिवाळी अंकांचा व्यवहार बहुधा फोनवर होतो, तोही सौजन्याने, आणि ‘काही लेखी द्या’ म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. त्यासाठी मी एक साधा उपाय करतो. कथा पाठवताना त्याच ईमेलमध्ये लिहितो की ही कथा केवळ या वर्षीच्या अंकात एकदा प्रसिद्ध करण्यासाठी देत आहे, पुस्तकरूपाचे, ध्वनिरूपाचे आणि ई-आवृत्तीचे हक्क माझ्याकडे आहेत, आणि ती माझ्या आगामी कादंबरीतील एका भागावर आधारलेली आहे. आजवर एकाही संपादकाला हे खटकलेले नाही. शेवटचे वाक्य आवर्जून लिहावे. सहा महिन्यांनी कादंबरीत तीच पाने पाहून संपादकांना आपली फसवणूक झाली असे वाटू नये. मानधनाची रक्कम आणि ते केव्हा मिळेल हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यावे. एका अंकाचे मानधन मला पुढच्या आषाढात मिळाले होते, तेही तीनदा आठवण केल्यावर.

तालुका वाचनालय

मी एका तालुक्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वरच्या चर्चेत ग्रंथालयांचा विचार कोणी केलेला दिसला नाही, म्हणून लिहिते.

महाराष्ट्रात शासनाचे अनुदान घेणारी बारा हजारांच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतली बहुसंख्य लहान आहेत आणि त्यांची खरेदीही लहान असते, तरी एका तालुक्यातील पाच वाचनालयांनी एकेक प्रत घेतली तर एखाद्या शहरी दुकानाने मांडून ठेवलेल्या दहा प्रतींपेक्षा ते लेखकाला लाभाचे ठरते, कारण वाचनालयातली प्रत पन्नास घरांत फिरते. आमच्याकडे दिवाळीनंतर दोन महिने कादंबऱ्यांना जवळजवळ सुट्टी असते. सभासद अंकांसाठी वेगळी वर्गणी भरतात आणि भरलेले पैसे वसूल होईपर्यंत एकामागून एक अंकच नेतात. नोव्हेंबरात घेतलेली नवी कादंबरी नव्या पुस्तकांच्या कपाटात डिसेंबर संपेपर्यंत तशीच उभी असते, आणि जानेवारीत लोक पुन्हा कादंबरीकडे वळतात तोवर ती ‘जुनी’ झालेली असते. तेव्हा दिवाळीआधी काढू नये, एवढे मी खात्रीने सांगते.

पाडवाही आमच्या दृष्टीने उशिराचा आहे. आमची वर्षातली मोठी खरेदी आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी होते. फेब्रुवारीत यादी होते, मार्चमध्ये बिले लागतात. ७ एप्रिलला आलेले पुस्तक पुढच्या वर्षाच्या यादीत जाते आणि त्या वेळेपर्यंत कोणाच्या लक्षात राहिले तरच घेतले जाते. जानेवारीच्या अखेरीस पुस्तक छापून तयार असले तर आपले साधते. त्याचा दुसराही उपयोग आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांसाठी त्या त्या कॅलेंडर वर्षात प्रथम आवृत्ती निघालेली पुस्तके विचारात घेतली जातात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघालेले पुस्तक २०२६ चे ठरते आणि प्रवेशिका पाठवायला हातात फार थोडे दिवस राहतात. तेच जानेवारीत निघाले की २०२७ चे पूर्ण वर्ष मोकळे मिळते. पुरस्कारासाठी कोणी लिहीत नाही हे मान्य आहे, पण तारखेच्या घोळामुळे पुस्तक स्पर्धेबाहेर राहू नये.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, आपल्या नावाने अर्ज करता येतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत तो ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो, म्हणून त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. छापील आणि ई-पुस्तकासाठी वेगवेगळे क्रमांक घ्यावेत. पुस्तक निघाल्यावर, १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार, ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. मुंबईची प्रत टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयाला जाते. १८६७ चा मुद्रण व पुस्तक नोंदणीचा कायदा आता राहिलेला नाही आणि त्याजागी आलेला कायदा नियतकालिकांपुरता आहे, त्यामुळे या प्रतींचीही गरज उरली नाही असे काही लेखकांना वाटते. तसे नाही, १९५४ चा कायदा कायम आहे. त्यातला दंड नाममात्र आहे, पण पन्नास वर्षांनी कोणी उजनीवरचे साहित्य शोधू लागले तर आपली कादंबरी त्याला या चार ठिकाणी सापडावी, एवढ्यासाठी तरी चार पाकिटे करावीत.

साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाचा उल्लेख कोणी करण्याआधी सांगते, ते पहिल्या पुस्तकासाठी असते. आपले पहिले पुस्तक निघून गेले आहे.

दूरदेशी वाचक

मी गेली अकरा वर्षे जर्मनीत राहतो. आपला कथासंग्रह मला मिळाला तो एका मित्राच्या बॅगेतून, तीन किलो भाजणी आणि लोणच्याच्या बरणीच्या सोबतीने, आणि त्याच्या मुखपृष्ठावर अजून तेलाचा डाग आहे. म्हणून ई-पुस्तकाविषयीच लिहितो.

किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून प्रसिद्ध करता येतात. लेखकाला विक्रीवर ३५ किंवा ७० टक्के मिळतात, परंतु भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या किंडलच्या योजनेत नोंदवावे लागते, आणि तिथे ९० दिवसांची अट असते: त्या काळात त्या पुस्तकाची डिजिटल आवृत्ती अन्य कुठेही, अगदी विनामूल्यही, देता येत नाही. छापील प्रतींना ही अट लागू नाही. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत मजकूर बाहेर ठेवता येतो. आपण कादंबरीची पहिली तीन प्रकरणे वाचकांसाठी ऑनलाइन ठेवली आहेत, असे मला आठवते. बावीसपैकी तीन म्हणजे दहा टक्क्यांच्या वर जाते. एक प्रकरण काढून घ्यावे लागेल. दिवाळी अंकाची डिजिटल आवृत्तीही निघणार असेल तर त्यात आलेला भाग या हिशेबात धरावा लागेल की नाही, याचा विचार आत्ताच करावा. कथा आणि प्रकरण यांचे शब्दच वेगळे असतील तर प्रश्न उरत नाही.

माझी विनंती एवढीच की ई-पुस्तक छापील पुस्तकानंतर वर्षभराने काढू नये. आमच्यासारख्यांना पुस्तकाची बातमी त्याच दिवशी मिळते. उत्सुकता तीन महिने टिकते; त्यानंतर आम्ही भारतात येऊ तेव्हा घेऊ असे म्हणतो, आणि भारतात आल्यावर दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन परत येतो.

भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ग्रंथपालताईंच्या उत्तराने माझा पाडवा गेला आणि खिळेकाकांच्या उत्तराने दिवाळी गेली, त्यामुळे निवड बरीच सोपी झाली. एक शंका राहते. वाचकांना प्रती मीच पाठवणार आहे आणि जानेवारीत मी हंगामात असणार, त्यामुळे पाकिटे करण्याचे काम भाचीवर सोपवावे लागेल. जुना बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाल्यापासून मला टपालखर्चाचा अंदाज येत नाही. नव्या ज्ञान पोस्टने कादंबरी पाठवता येते का, आणि त्याचा कागदाच्या निवडीशी काही संबंध आहे का?

खिळा ते युनिकोड

संबंध आहे, आणि तो पुन्हा त्या चौदा फर्म्यांशीच येऊन मिळतो. ज्ञान पोस्टचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर असा आहे आणि पुढे वजनाप्रमाणे वाढत पाच किलोला १०० रुपयांपर्यंत जातो. डेमी आकाराची २२४ पाने म्हणजे ११२ पाती. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) नॅचरल शेड कागदावर त्यांचे वजन साधारण २३६ ग्रॅम भरते. मुखपृष्ठ लॅमिनेशनसह वीस ग्रॅम धरावे, पुठ्ठा आणि पाकीट पस्तीस. एकूण २९१ झाले. पंधरावा फर्मा घेतला की हेच वजन ३०८ वर जाते, आणि ८० जीएसएमचा कागद घेतला तर चौदा फर्म्यांतही ३०० ओलांडते. तेव्हा ७० चाच कागद घ्यावा, तीन पाने वाचवावीत आणि पाकिटात बुकमार्क व शुभेच्छापत्र दोन्ही घालण्याचा मोह आवरावा. छापखान्यातून पहिली प्रत आली की पाकिटासकट वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहावी, कारण कागदाच्या प्रत्येक लॉटचे वजन थोडे इकडेतिकडे असते.

पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असणे आवश्यक आहे. स्वतः पुस्तक काढणारे काही लेखक ते विसरतात. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे आणि जाहिराती असलेली प्रकाशने तीत घेत नाहीत. म्हणून शेवटच्या पानावर ओळखीच्या दुकानाची जाहिरात घेऊ नये, आणि नमुन्याचे एक पाकीट घेऊन आपल्या टपाल कार्यालयात आधी विचारून यावे. पाकिटे जमिनीवरच्या वाहतुकीने जातात, त्यामुळे पोहोचायला थोडे अधिक दिवस लागतील, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे.

दुसरी आवृत्ती

जानेवारीला माझी ना नाही. फक्त डिसेंबरच्या महोत्सवात जाणाऱ्या एखाद्या लेखकमित्राच्या टेबलावर कथासंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पंचवीस प्रती आणि त्यांच्यासोबत कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाची आठ पानी पुस्तिका ठेवता आली तर पाहावे. अर्धा फर्मा म्हणजे फार मोठा खर्च नाही. माझ्या टेबलावर जागा आहे.

भीमाकाठ

जागेचा प्रस्ताव स्वीकारला. वाचकांसाठीचा आढावा आता पुढीलप्रमाणे लिहिते आहे; यात काही चुकत असल्यास सांगावे.

दीर्घकथा १० ऑगस्टपूर्वी संपादकांकडे जाईल, वर सुचवलेल्या वाक्यांसह. कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती, २०० प्रतींची, गणेशचतुर्थीपूर्वी निघेल. पहिल्या आवृत्तीत वाचकांनी दाखवलेल्या सतरा चुका तीत दुरुस्त केल्या आहेत, आणि अठरावी मला काल सापडली. या दोन कामांच्या तारखा मी देते आहे, कारण ती माझ्या हातात आहेत. कादंबरी जानेवारी २०२७ मध्ये, एवढेच सांगणार आहे. दिवस सांगणार नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्यापर्यंत, अंतिम मजकूर आणि मांडणी पूर्ण करून दिवाळीनंतर मुद्रिते दुसऱ्या कोणाकडून तपासून घेईन, कारण चौथ्यांदा वाचताना मला माझ्या चुका दिसत नाहीत, माझी वाक्ये फक्त ओळखीची वाटतात. नोंदणीचे पैसे पुस्तक छापखान्यात गेल्याच्या दिवसापासून घेतले जातील, त्याआधी नाही. ई-पुस्तक छापील पुस्तकाबरोबरच येईल, आणि ऑनलाइन ठेवलेले तिसरे प्रकरण या महिनाअखेरीस काढून घेतले जाईल; ज्यांना ते वाचायचे आहे त्यांनी तोवर वाचावे. फेब्रुवारीत आमच्या आणि शेजारच्या तालुक्यातील वाचनालयांना मी रविवारी स्वतः जाऊन प्रती दाखवीन. कारखान्याला रविवार नसतो, पण साप्ताहिक सुट्टी तरी असते.

राहिली ती तीन पाने. आज पालखीच्या गर्दीने बंद असलेला रस्ता सुरू झाला आणि कार्यालयातून लवकर परतले, तेव्हा कच्ची मांडणी उघडून बसले आहे. पान १३१ वर, परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत, ‘होते.’ एवढा एकच शब्द पडला आहे, आणि त्याच्या वरच्या दोन ओळींत मी ‘मात्र’ तीनदा लिहिले आहे.